आईची डबी, बाबांची डबी

आमची सून खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघते. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हाही तिनं तेच केलं. मी आतून चहा घेऊन आले तर ही पाहुणी खाली वाकून खुर्चीचा पाय चाचपत होती. तो पाय डुगडुगत होता. कित्येक वर्षं डुगडुगत होता, आणि आम्ही सगळे त्या खुर्चीवर जरा तिरकं बसायला शिकलो होतो. ती म्हणाली, "याच्याखाली काहीतरी घालायला हवं." आमच्या ह्यांनी तिथल्या तिथं तिचं नाव ठेवलं, इन्स्पेक्टर. मुलगा हसला. मला ती आवडली, आणि थोडी धास्तीही वाटली. खोटं कशाला बोलू, आमच्या घरात डुगडुगणारं बरंच काही होतं.

तिचे वडील बसच्या डेपोत ब्रेक तपासायचे. रिकाम्या बसचा ब्रेक लागला म्हणून ते सही करायचे नाहीत. गाडीत वाळूची पोती भरायला लावायचे आणि मग दाबून बघायचे. ड्रायव्हर शिव्या घालायचे, ते ऐकून घ्यायचे. ते बाळकडू लेकीला मिळालं. शिकून ती कंप्यूटरच्या कंपनीत लागली, तर तिथंही कामाचा प्रकार तोच. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि कुठे मोडतात ते शोधून काढायचं. टेस्टर म्हणतात त्याला. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा. मी म्हटलं, अगं, हे काम आमच्या नणंदा फुकट करायच्या.

पण ती कामात पक्की होती. नवीन लागलेल्या पोरी तिच्या हाताखाली दिल्या जायच्या. अधूनमधून ती घरून काम करायची तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांना व्हिडिओ फोनवर शिकवायची, आणि मी शेजारी शेंगा सोलत ऐकायचे. त्यातली एक चष्मेवाली फार चौकस, एका गोष्टीवर दहा प्रश्न. हिचं सगळ्यांना एक सांगणं ठरलेलं असायचं, "एकच वस्तू करून थांबू नकोस गं. दोन कर. एक असते तेव्हा सगळ्या शहाण्याच असतात. दोन केल्यास की कोण कोणाच्या ताटात हात घालतंय ते दिसेल." मला वाटायचं, ही जावांबद्दल बोलतेय की काय.

मागच्या वर्षी कंपनीनं फर्मान काढलं. हातानं बटणं दाबून तपासणारी माणसं आता नकोत, ते काम मशीन करेल. ज्यांना स्वतः प्रोग्रॅम लिहून स्वतः तपासता येतो त्यांनी राहायचं, बाकीच्यांना नमस्कार. त्यासाठी परीक्षा ठेवली. एक साधा क्लास लिहायचा, त्याच्या टेस्ट लिहायच्या, आणि तीन जणांसमोर तो चालवून दाखवायचा. संधी एकदाच.

जेवताना तिनं हे सांगितलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "एवढं तोंड काय पाडतेस? जमलं तर जमलं. नाही जमलं तर घरी राहा. आईबाबांनाही बरं."

"मला घरी बसायचं नाहीये," ती म्हणाली. बोलली ताटाकडे बघत, पण चांगलं खणखणीत बोलली.

"अगं, बसायचं म्हणजे काय? राणीसारखी राहा."

"राण्या दिवसभर काय करतात ते मला माहीत नाही. मला कामावर जायचंय."

ह्यांनी मोठ्यानं खोकून घेतलं. हे असे खोकले की आम्ही विषय बदलतो. पण मला त्या दिवशी तिचा चेहरा दिसला. ती सकाळी घाईघाईत डबा भरून, ओल्या केसांनी, एक चप्पल जिन्यात घालत पळायची, तेव्हा ती दमलेली असायची पण तिचं तोंड कधी पडलेलं नसायचं. ते पळणं तिचं स्वतःचं होतं. तेच जाणार होतं.

मुलगाही त्याच धंद्यातला. एके काळी चांगले प्रोग्रॅम लिहायचा म्हणे. आता मोठा साहेब झालाय, म्हणजे दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांना "लवकर करा, लवकर करा" सांगतो. ती त्याला एकदोनदा म्हणाली, "जरा बसतोस का माझ्याबरोबर?" तो म्हणाला, "रविवारी बघू." रविवार येत गेले आणि जात गेले. शेवटी ती एकटीच बसली. आणि तिला विचारायला घरात दोन म्हातारी माणसं सापडली.

"क्लास म्हणजे काय गं?" मी विचारलं. "मी तर तिसरीनंतर कुठल्या वर्गात बसलेली नाही."

तिनं टेबलावरच्या आमच्या गोळ्यांच्या डब्या पुढे ओढल्या. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, कप्प्याकप्प्यांच्या. माझ्या डबीला निळं झाकण, ह्यांच्या डबीला पांढरं.

"आई, ह्या दोन्ही एकाच साच्यातून निघाल्यात, हो की नाही? कप्पे सारखे, उघडायची रीत सारखी. पण तुमच्या गोळ्या तुमच्या आणि बाबांच्या बाबांच्या. मी तो साचा लिहितेय. डबीला काय माहीत असतं आणि डबीला काय करता येतं, एवढंच त्यात लिहायचं. मग त्यावरून हव्या तितक्या डब्या काढता येतात."

"अगं, मग त्यात अवघड काय?"

"अवघड असं की माणसं त्या डबीशी कशी वागतील ते आधी ओळखायचं. आता सांगा, तुम्ही सकाळची गोळी घेतली आणि विसरून परत घ्यायला गेलात, तर डबीनं काय म्हणावं?"

"म्हणावं, म्हातारे, मगाशीच गिळलीस."

ती हसत हसत लिहीत गेली. "आणि डबी रिकामी असली तर?"

"तर मुकाट बसू नये. तोंडानं सांगावं."

"आणि कोणी त्यात उणे पाच गोळ्या भरायला गेलं तर?"

"उणे गोळ्या कोण भरतं गं?"

"भरतात आई. मशीनपुढे बसलं की माणूस काहीही करतो."

तिची आणखी एक रीत मला फार गमतीची वाटायची. ती टेस्ट आधी लिहायची आणि डबी नंतर. म्हणजे प्रश्नपत्रिका आधी, धडा मागाहून. डबीच नाही म्हटल्यावर पडद्यावर सगळं लाल यायचं, आणि ही बाई खूश. मी म्हटलं, "नापास होऊन हसणारी तू पहिलीच."

"आई, लाल झाली म्हणजे ती टेस्ट जागी आहे. जी कधी लालच होत नाही, तिच्यावर माझा विश्वास नाही." मग ती डबीचा तेवढाच भाग लिहायची, आणि ते लाल हिरवं व्हायचं. भाजी शिजेपर्यंत एक, भांडी निथळेपर्यंत एक, अशी तिची डबी तयार होत गेली.

एकदा हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "आणि मी हिच्या डबीतली गोळी खाल्ली तर?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारण ह्यांनी तो पराक्रम खरोखर केलेला होता. माझी साखरेची गोळी घेतली आणि जिन्यात भोवळ येऊन बसले. दोष डबीचा नव्हता, ह्यांच्या चष्म्याचा होता, पण त्या दिवशी सून कामावरून धावत आली होती.

"बाबा, तुमची टेस्ट सगळ्यात महत्त्वाची," ती म्हणाली. आणि तिनं ती लिहिली. दोन डब्या काढायच्या. एकीचं नाव आई, दुसरीचं बाबा. दोन्ही भरायच्या. आईच्या डबीतली गोळी घ्यायची, आणि मग बाबांच्या डबीला विचारायचं, तुझ्यात किती उरल्या? तिच्यातलं काही हललेलं नसलं पाहिजे. प्रत्येक डबीला तिची स्वतःची यादी. मला ती टेस्ट फार आवडली. आमचं लग्न होऊन आयुष्य झालं, पण माझ्या वाट्याचं माझ्याकडंच आहे का, हे कुणी कधी तपासून बघितलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मुलगा घरून काम करत होता. दुपारी उठला, आळस दिला आणि तिच्या मशीनपुढे जाऊन बसला. तिचा पासवर्ड त्याला माहीत होता. त्याचा पासवर्ड ऑफिसचा, म्हणून गुप्त. तिचा मात्र घरचा.

"काय करतोस रे?" मी विचारलं.

"बघतोय काय दिवे लावलेत ते."

"तिला विचारलंस का?"

"नवराबायकोत काय विचारायचं, आई?"

मी त्याच्या मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. तो वाचत गेला, "हे कशाला इतक्यांदा," असं काहीतरी पुटपुटला, आणि टाइप करायला लागला. पडद्यावर एक लाल ओळ आली. एवढ्या दिवसांत लाल मला ओळखू यायला लागलं होतं. त्यानं जिभेनं च् केलं, पुन्हा थोडं टाइप केलं, आणि सगळं हिरवं झालं. मग भिंतीत खिळा ठोकून उठल्यासारखा तो समाधानानं उठला. "आता कसं सुटसुटीत झालं."

ती परत आली तेव्हा तिनं चप्पल काढायच्या आत मी सांगितलं, "तो बसला होता गं तुझ्या मशीनवर. टाइप करत होता."

ती तशीच त्याच्या खोलीच्या दाराशी गेली. "अरे, काही बदललंस का त्यात?"

"छे गं." कानावरचं यंत्र एका बाजूनं उचलून तो म्हणाला, "जरा नजर टाकली. चांगलं लिहिलंयस."

चांगलं लिहिलंयस! लग्नाला एवढी वर्षं झाली, तिच्या कामाबद्दल त्याच्या तोंडून चांगला शब्द मी ऐकला नव्हता. तिनंही नसावा. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. खुर्ची हलवल्याशिवाय न बसणारी बाई, पण त्या एका शब्दावर ती निर्धास्त बसली. सकाळी तिनं मशीन उघडून टेस्ट एकदा चालवल्या. सगळं हिरवं आलं. किती टेस्ट चालल्या तो आकडा खाली कोपऱ्यात लिहिलेला असतो म्हणे. हिरवं दिसल्यावर तिकडे कोण बघतं? ती ह्यांच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि जिन्यात चप्पल घालत पळाली.

दुपारीच परत आली. आली आणि खुर्ची न हलवता तिच्यावर बसली. तेव्हाच मला कळलं.

मी पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

"आई, समोर तिघं होते. मधे ती चष्मेवाली. आता साहेबीण झालीय. मला बघून उठून उभी राहिली."

"मग?"

"सगळं छान चाललं होतं. रिकामी डबी झाली, दोनदा घ्यायची झाली, उणे गोळ्या झाल्या. सगळे माना डोलवत होते. मग ती म्हणाली, मॅडम, आता दोन डब्या करून दाखवा."

"तुझंच ना गं ते?"

"माझंच. मी म्हटलं, त्याची टेस्टच लिहिलीय की. उघडून दाखवायला गेले, तर ती बंद करून ठेवलेली. लिहिलेली होती, पण चालणार नाही अशी. म्हटलं, थांबा, हातानं करून दाखवते. आईची डबी भरली, बाबांची भरली. आईच्या डबीतली एक गोळी काढली." तिनं पेला खाली ठेवला. "बाबांच्या डबीतलीही गेली, आई. भरतानाही दोघांच्या एकात एक मिसळल्या होत्या. दोन डब्या, आणि आत यादी एकच."

मग तिनं सांगितलं, बाकीच्यांतला एक जण म्हणाला, हे तर पहिल्या धड्यातलं आहे. चष्मेवालीनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हे तुम्हीच मला शिकवलं होतं."

"अगं, मग तू सांगितलं का नाहीस, नवऱ्यानं हात लावला म्हणून?"

"काय सांगू? पोट ह्याच्यावर चालतं की मी दुसऱ्यांचं तपासते. आणि स्वतःच्या डबीत कोणी हात घातला ते मला कळलं नाही, असं सांगू?"

संध्याकाळी मुलगा टेबलाशी आला तेव्हा तिनं मशीन उघडून ठेवलं होतं.

"दोन डब्यांच्या टेस्टला काय केलंस?"

"कुठल्या? अच्छा, ती. ती फेल होत होती, म्हणून बंद करून ठेवली. नंतर बघू म्हटलं."

"का फेल होत होती?"

"मला काय माहीत? टेस्टच चुकीची असेल."

"आधी फेल होत नव्हती. तू यादी प्रत्येक डबीतून काढून वर साच्यावर ठेवलीस. साच्यावर ठेवली की सगळ्या डब्यांची मिळून एकच होते. टेस्ट तेच ओरडून सांगत होती, आणि तू तिचं तोंड बंद केलंस."

"अगं, सगळ्यांनाच यादी लागतेय तर एकदा लिही ना, प्रत्येकीत वेगळी कशाला, एवढाच विचार केला मी. मदत करायला गेलो तर हे असं!"

"मी विचारलं होतं तुला. काही बदललंस का म्हणून."

"आणि सकाळी किती टेस्ट चालल्या ते मोजायला नको? टेस्टर कोण, तू का मी?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच ते इतकं लागलं. खोटं असतं तर तिनं त्याला सोडलं नसतं.

मी म्हटलं, "अरे, तिनं तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला."

"आई, तू मधे पडू नकोस."

"मी आधीपासून इथंच बसलेय. खोलीत जाऊन कान झाकून घेऊ का?"

हे खोकले. पण त्या दिवशी विषय बदलला नाही.

मग मुलगाच मऊ झाला. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना. झालं ते झालं. एका अर्थी बरंच झालं. किती धावपळ करायचीस. आता निवांत राहा."

तिनं खांदा हलवला नाही. मशीन जवळ ओढलं, यादी उचलून पुन्हा डबीच्या आत ठेवली, ती टेस्ट जागी केली, आणि चालवलं. सगळं हिरवं. या वेळी तिनं बोट ठेवून कोपऱ्यातला आकडाही वाचला. मग पडदा त्याच्याकडे फिरवला.

"हे बघ. चालतंय."

"झालं तर मग!" तो म्हणाला आणि टीव्ही लावायला उठला. त्याच्या लेखी खरंच झालं होतं. माझं पोर दुष्ट नाही. दुष्ट असतं तर सोपं गेलं असतं.

कंपनीनं तिला महिनाअखेर मोकळं केलं. तिनं दुसरीकडे अर्ज केले. काही ठिकाणी बोलावलं, चौकशी केली, वय विचारलं आणि कळवतो म्हणाले. कळवायचे राहिलेत. पासवर्ड तिनं त्याच आठवड्यात बदलला. हे कळल्यावर मुलगा खूप दुखावला. "घरात पासवर्ड? माझ्यापासून?" असं म्हणून दोन दिवस नीट जेवला नाही. तिनं त्याला वाढलं, पण पासवर्ड सांगितला नाही.

मध्यंतरी त्याचे वरचे साहेब बायकोला घेऊन चहाला आले होते. बाईंनी सहज विचारलं, "तुम्हीही ह्याच लाइनीत ना? कुठं असता सध्या?"

सून ट्रे घेऊन उभी. तिच्या आधी हाच बोलला, "तिनंच ठरवलं, आता जरा घराकडे बघायचं. आईबाबांचं वय झालं ना."

तिनं कप खाली ठेवले. एकेक कप, कान पाहुण्यांकडे करून, नीट.

मी म्हटलं, "तिनं नाही हो ठरवलं. तिनं चांगला क्लास लिहिला होता. ह्यानं तिला न विचारता त्यातली यादी हलवली आणि टेस्ट बंद करून ठेवली. म्हणून गेलं तिचं काम."

मग साहेब मोठ्यानं हसले. "वा, आजी! तुम्हीही प्रोग्रॅमिंग करता वाटतं!" बाई हसल्या. मुलगाही हसला, सगळ्यांच्या वर आवाज काढून. आजी फार गमतीच्या आहेत असं ठरलं, आणि मला आणखी एक बिस्कीट देण्यात आलं.

ती स्वयंपाकघरात कप विसळत होती तिथं मी गेले.

"कशाला बोललात, आई?"

"ऐकवेना मला."

"त्यांना काही कळलं नाही."

"त्याला कळलं."

"त्याला त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली आणि नळ बंद केला. बंद केल्यावर पुन्हा एकदा पिळून बघितला.

अजून दर रविवारी ती आमच्या डब्या भरते. आधी निळ्या झाकणाची, मग पांढऱ्या. भरून झाल्यावर माझ्या डबीतली एक गोळी काढून मुठीत धरते, आणि ह्यांची डबी उघडून कप्पा कप्पा बघते. सगळं जागच्या जागी असतं. असणारच की, प्लास्टिकच्या डब्या त्या. तरी बघते.

हे विचारतात, "काय इन्स्पेक्टर, पास का?"

"पास, बाबा."

मग माझी गोळी माझ्या कप्प्यात परत ठेवते आणि टक् वाजेपर्यंत झाकण दाबते. मुलगा तेव्हा समोरच बसून पेपर वाचत असतो. तो पेपर खाली करत नाही.